कासवांचं पानिपत

मागच्या पौषात एका रविवारी, दुपारी सव्वादोनला, मराठ्यांनी पानिपत जिंकलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, माझ्या लॅपटॉपवर. शेजारी मटारच्या शेंगांचा ढीग होता आणि मी एक डोळा पडद्यावर ठेवून दाणे काढत होते. बघता बघता निळे ठिपके विरळ झाले, भगवे दाटले आणि कोपऱ्यातला निळ्यांचा आकडा शून्यावर आला. मी हातातली शेंग टाकून ओरडले, "अण्णा, जिंकलो!"

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७९, उभी हयात शाळेत इतिहास शिकवण्यात गेलेली. दुपारची झोप मोडली म्हणून कुरकुरत आले, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाले, "परत लाव. सावकाश."

परत लावलं. अण्णा बोट पडद्याला जवळजवळ टेकवून बघत होते. अर्ध्यात थांबले. "हे कोण?"

अब्दालीच्या फळीच्या मागे, पार दक्षिणेला, भगव्या ठिपक्यांचा एक पुंजका उगवला होता आणि तो निळ्यांना पाठीमागून कापत सुटला होता.

"आपलेच आहेत."

"ते दिसतंय. पण तिकडे पाठवले कुणी?"

कुणीच नाही. झालं होतं असं, की नेटलोगो नावाच्या ज्या प्रणालीत मी हे सगळं मांडलं होतं, त्यातलं जग मुळात कडा नसलेलं असतं. वरून बाहेर पडलेला ठिपका खालून आत येतो, डावीकडून गेलेला उजवीकडून. मेदूवड्याच्या पाठीवर मुंगी चालावी तसं. हे बंद करायची सोय आहे, ती मी विसरले होते. त्यामुळे लढाईतून पळालेले माझे मराठे उत्तरेच्या कडेवरून बाहेर पडले आणि दक्षिणेच्या कडेवरून आत आले. आजूबाजूला पळणारं कुणी दिसेना, म्हणून त्यांचा धीर परत आला आणि समोर अब्दालीची उघडी पाठ दिसल्यावर ते तुटून पडले. पळपुट्यांनी पानिपत जिंकलं होतं.

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

हा उद्योग माझ्या डोक्यात शिरला त्याला कारणही अण्णाच. आमच्या घरी पानिपत हा विषय कधी संपलेला नाही. पाहुणे जेवून उठले की अण्णा सुपारीचा डबा, अडकित्ता आणि काडेपेटी टेबलावर मांडत. डबा म्हणजे भाऊसाहेबांचा हत्ती, अडकित्ता म्हणजे इब्राहिमखानाच्या तोफा, काडेपेटी म्हणजे नजीबखान. मग सुरू होई ती जर-तरची माळ. भाऊ हत्तीवरून उतरले नसते तर? विंचूरकर आणि गायकवाड फळी सोडून पुढे घुसले नसते तर? रसद सांभाळणारे गोविंदपंत डिसेंबरात मारले गेले नसते तर? मराठी माणसाला दुसरं काही येवो न येवो, १४ जानेवारी १७६१ची दुपार परत लढता येते.

माझं पोटापाण्याचं काम सिम्युलेशनचंच आहे. मोठ्या गोदामांत ट्रक किती वेळ खोळंबतील, कुठल्या दाराशी गर्दी होईल, हे आधी संगणकावर चालवून बघायचं. एकदा वाटलं, जे ट्रकांचं करते ते घोड्यांचं का करू नये? अण्णांची माळ एकदाची संपेल.

सुरुवात कागदावर केली, कारण लढाईचं सर्वांत जुनं गणित कागदावर मावतं. फ्रेडरिक लँचेस्टर हा मोटारी बनवणारा इंग्रज इंजिनिअर. पहिलं महायुद्ध सुरू झालं त्या वर्षी, १९१४ मध्ये, त्याने लढाईची समीकरणं मांडली. तलवारीने एकास एक लढताना संख्येचा फायदा संख्येइतकाच. पण लांबून बंदुका चालवताना सगळेच सगळ्यांवर नेम धरू शकतात, तिथे फायदा संख्येच्या वर्गाने वाढतो. इंग्रज नौसेनापती नेल्सनच्या ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईच्या बेतावर त्याने हे लावून दाखवलं. नेल्सनने ४० जहाजं विरुद्ध ४६ असं धरलं होतं. सरळ भिडलं तर १६०० विरुद्ध २११६, म्हणजे हार ठरलेली. पण शत्रूची रांग मधोमध तोडून अर्ध्या रांगेवर ३२ जहाजं घातली आणि उरलेल्या ८ जहाजांनी दुसऱ्या अर्ध्याला नुसतं अडकवून ठेवलं, तर एका बाजूला १०८८ आणि दुसऱ्या बाजूला १०५८. तेवढ्यावर पारडं फिरतं. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे फोडणाऱ्याचं भलं, फुटणाऱ्याचं मरण. एवढ्यासाठी वर्ग कशाला हवा?"

मग पानिपत. इतिहासकार जदुनाथ सरकारांचा अंदाज मराठे ४५ हजार, अब्दालीकडचे ६० हजार. ४५चा वर्ग २०२५, ६०चा ३६००. वजाबाकी १५७५, तिचं वर्गमूळ जवळजवळ ४०. माणूस माणसासारखाच धरला, तर मराठ्यांचा शेवटचा शिपाई पडेल तेव्हा समोर ४० हजार उभे असतील. बरोबरी साधायची तर एकेक मराठा पावणेदोन पठाणांना भारी पडायला हवा.

"पावणेदोनच?" अण्णा म्हणाले. "माझ्या वर्गातली पोरं एकाला दहाच्या खाली उतरायची नाहीत."

पण काशिराज पंडिताला विचारा, तो वेगळंच सांगतो. तो अब्दालीच्या बाजूने लढलेल्या अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौल्याच्या, पदरी होता, लढाई त्याने त्या गोटातून पाहिली आणि १७८०मध्ये फारसीत लिहून काढली. त्याच्या हिशेबाने अब्दालीकडे सुमारे ४२ हजार घोडेस्वार आणि ३८ हजार पायदळ, मराठ्यांकडे ५५ हजार घोडेस्वार, १५ हजार पायदळ आणि २०० तोफा. म्हणजे ८० विरुद्ध ७०. आता तेच गणित प्रत्येक मराठ्याकडून १.३ पठाणांइतकंच मागतं. आकडा कुणाचा घ्यायचा एवढ्यावरच शौर्याचा भाव पाऊणपटीवर खाली येतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या इवो जिमाच्या लढाईवर १९५४ साली जे. एच. एंगेल याने हीच समीकरणं ताडून पाहिली आणि ती अमेरिकन बाजूच्या रोजच्या नोंदींशी छान जुळली. जुळणारच. तिथे रोज किती माणसं किनाऱ्यावर उतरली आणि किती पडली याची नोंद होती. आमच्याकडे काय आहे? नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडलेल्या त्या सावकारी चिठ्ठीतली भाषा: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. अण्णा ही ओळ वर्गात सांगायचे तेव्हा 'खुर्दा' या शब्दावर थांबायचे. मला तेव्हा मोत्यांचंच वाईट वाटायचं.

कागद ठेवला आणि नेटलोगो उघडलं. यात हलणाऱ्या प्रत्येक जिवाला कासव म्हणतात. मुलांना संगणक शिकवायची जी जुनी भाषा होती, तिच्यातलं चित्र काढणारं कासव इथपर्यंत चालत आलं आहे. एक कासव म्हणजे ५० माणसं धरली. ९०० भगवी कासवं, १२०० निळी. इब्राहिमखानाचे गारदी, म्हणजे कवायती बंदूकधारी पायदळ, ओळखू यावेत म्हणून भगव्यांतली डावीकडची पिवळी केली. एक ठोका म्हणजे एक मिनिट, सकाळी नऊपासून पुढे. प्रत्येक कासवाला वेग, मारा, दृष्टीचा पल्ला आणि एक 'धीर' नावाचा आकडा. शेजारचा पडला की धीर कमी, शेजारचा पळाला की आणखी कमी, एका मर्यादेखाली गेला की कासव पाठ फिरवतं.

काही गोष्टी फार सोप्या निघाल्या. सूर्य, उदाहरणार्थ. मराठ्यांचं तोंड दक्षिणेकडे होतं, दुपारनंतर ऊन डोळ्यांवर आलं असं आपण ऐकतो. पानिपतचा अक्षांश माहीत आहे, तारीख माहीत आहे. दुपारी बाराला सूर्य क्षितिजापासून साधारण ३९ अंशांवर, तीन वाजता २३ अंशांवर, नैऋत्येला. अडीचशे वर्षांपूर्वीचं ऊन मी पाच मिनिटांत बरोबर पाडलं.

तोफांनी मात्र शिकवलं. आधी माझ्या तोफा आपल्याच घोडेस्वारांच्या आरपार मारा करत होत्या, कारण मध्ये आपला माणूस आला तर थांबा असं मी सांगितलंच नव्हतं. ते सांगितलं आणि पुन्हा चालवलं. डावीकडे गारदी संथपणे अब्दालीकडच्या रोहिल्यांना मागे रेटत होते. मग गायकवाड आणि विंचूरकरांची कासवं चेव येऊन पुढे सुटली, थेट पिवळ्यांच्या समोरून, आणि पडद्यावरची डावी बाजू गप्प झाली. तोफेच्या प्रत्येक बाराला एक लाल रेघ उमटायची. त्या रेघाच थांबल्या. 'गोल फोडला', म्हणजे फौजेची ठरलेली बांधणी मोडली, हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. गोल फुटतो म्हणजे असा आवाज बंद होतो, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मल्हारराव होळकरांचं काय करायचं? ते लढले की मैदान सोडून निघून गेले, या ज्या वादापायी महाराष्ट्रात कित्येक जेवणावळी थंड झाल्या, तो मी शून्य ते शंभर अशा एका सरकत्या पट्टीवर ठेवून दिला आणि मोकळी झाले. अण्णांनी ती पट्टी पाहिली आणि काही बोलले नाहीत. त्यांचं मत मला माहीत आहे. शेजारच्या काकांचं उलट मतही माहीत आहे. पट्टी दोघांनाही चालते.

जगाच्या कडा नीट बंद केल्या, तसे मराठे हरायला लागले. आणि इथे मला माझीच चोरी सापडली. मी आकड्यांना हात लावत होते. गारद्यांचा मारा जरा वाढव, असं करता करता उंटांवरच्या जंबुरकांचा, म्हणजे छोट्या तोफांचा, पल्ला थोडा कमी केला आणि अब्दालीची राखीव फौज अर्धा तास उशिरा आणली. प्रत्येक वेळी कारण सापडायचं, कुठल्या तरी इतिहासकाराचा आधारही सापडायचा. तीन रात्री हे चाललं होतं. चौथ्या रात्री वही उघडून बदलांची यादी केली तेव्हा लक्षात आलं, अकराच्या अकरा बदल एकाच बाजूला झुकलेले. ऑफिसात कुणी असा अहवाल आणला असता तर मी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला असता.

सगळे आकडे मूळच्या जागी नेले. आता विश्वासरावांची गोळी. दुपारी दोनच्या सुमारास ते पडतात, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसतात, अंबारी रिकामी दिसते आणि फौज खचते, ही आपली सर्वांची पानिपतची गोष्ट. मी नियम घातला: ज्या कासवाला हत्ती दिसतो, त्याला अंबारी रिकामी दिसताच धीर एकदम उतरतो. चालवलं. मधली फळी हलली, खड्डा पडला, आणि मग बऱ्याच वेळा तो भरूनही आला. मराठे हरायचे ते नंतर, हळूहळू, ताजी माणसं संपल्यामुळे. अब्दालीने पळणाऱ्यांना मारून मुटकून परत फळीत ढकलणारी माणसं पाठवली, राखीव दळ हाताशी ठेवलं. भाऊंनी होतं नव्हतं ते सगळं सकाळीच फळीत उभं केलं होतं. पण इतिहासात जे घडलं, तासाभरात सगळं विरघळून जाणं, ते माझ्या पडद्यावर होईना.

अण्णांना दाखवलं. ते म्हणाले, "तुझे लोक जेवून आलेत गं."

खरंच की. काशिराजच सांगतो, आदल्या रात्री सरदार भाऊंकडे गेले आणि म्हणाले, दोन दिवस पोटात अन्न नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. सकाळी निघाले ते पागोट्यांचे शेव सोडून, तोंडाला हळद फासून. ही हळद मला शाळेपासून पाठ. तिच्याखालचं रिकामं पोट मी प्रणालीत घातलंच नव्हतं.

"आणि घोडी?" अण्णा म्हणाले. "घोडी काय खात होती?"

म्हणून मी आठवडाभर लढाई बाजूला ठेवली आणि जे मला खरोखर येतं ते केलं. मालवाहतूक. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या मंडळींनी १०७१च्या मॅन्झिकर्टच्या लढाईबाबत असंच केलं होतं. बायझंटाइन फौज तुर्कांशी कशी लढली हे चालवून बघण्याऐवजी, ती अनातोलिया, म्हणजे आजचं तुर्कस्तान, ओलांडून तिथपर्यंत चालत कशी गेली आणि वाटेत काय खात होती, हे त्यांनी संगणकावर चालवलं. मी पूर्वी त्याबद्दल वाचलं तेव्हा मला ते भित्र्यांचं काम वाटलं होतं.

छावणीत दीड लाख तोंडं धरली, लढणारे आणि न लढणारे बुणगे मिळून. माणशी अर्धा किलो धान्य, म्हणजे रोज ७५ टन. ४० हजार घोडी, घोड्याला ३ किलो दाणा, म्हणजे १२० टन. वैरण वेगळी. हत्ती, उंट, बैल सोडूनच दिले. रोज १९५ टन. एका बैलाच्या पाठीवर सव्वाशे किलो धरले तर रोज १५६० लादलेले बैल छावणीत शिरायला हवेत. आजच्या हिशेबात दहाटनी वीस ट्रक. एवढे आमच्या गोदामात सकाळी अकराच्या आत लागतात आणि तरी ड्रायव्हर लोक रांगेवरून भांडतात. पानिपतला ते अडीच महिने लागायला हवे होते, आणि अब्दाली २५ ऑक्टोबरला बागपताशी यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर येऊन बसला होता. कुंजपुऱ्याला हाती लागलेलं धान्य किती दिवस पुरणार? गोविंदपंत पडले त्यानंतर दुआबातली रसद अब्दालीकडे सुखाने जाऊ लागली आणि आमची बंद झाली. गंमत म्हणजे माणसांपेक्षा घोडी जास्त खातात आणि आधी घोडीच खचतात. खचलेल्या घोड्यावरचा स्वार म्हणजे तोकडी तलवार घेतलेला पायदळी.

भुकेचा आकडा घातला. भगव्या कासवांचा वेग कमी, धीर अर्धा. चालवलं आणि दोन वाजून वीस मिनिटांनी फळी मधून फाटली. शंभर मिनिटांत पडदा निळा. काटा आला अंगावर. मग विश्वासरावांची गोळी काढून टाकली. फळी पावणेतीनला फाटली. हत्ती, अंबारी, गोळी, कशाचंच काही नाही. कुठेतरी कुणीतरी पहिलं पळालं, बस्स.

अण्णांची माळ तुटली असं मला क्षणभर वाटलं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यात माझा पराक्रम शून्य. संगणकाला दर वेळी सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, त्याला 'सीड' म्हणतात, बी. तेच बी दिलं की तीच लढाई पुन्हा जशीच्या तशी उगवते. मला वाटायचं बी म्हणजे तेवढाच आकडा. खरं बी मी आधीच पेरलं होतं, धीर अर्धा करताना. पाव केला असता तर? पाऊण ठेवला असता तर? पाऊण ठेवला तर फळी साडेतीनपर्यंत टिकते, हेही करून पाहिलं. दोन दिवस उपाशी माणसाचा धीर नेमका किती उरतो, हे सूर्यासारखं काढता येत नाही. मी चतुर्थीचा उपास दुपारी चारला मोडणारी बाई, मी कुठून आणणार तो आकडा?

एक मात्र हिशेबात न धरता सापडलं. पळणाऱ्या कासवांना कुठे पाठवायचं हे ठरवायची वेळ आली. साधा नियम घातला, घराकडे. आणि दोन्ही फौजा एकमेकींतून आरपार धावायला लागल्या! पुणे दक्षिणेला, म्हणजे अब्दालीच्या पाठीमागे. कंदाहार वायव्येला, म्हणजे मराठ्यांच्या पाठीमागे. दोघंही एकमेकांच्या घराची वाट अडवून उभे होते. भाऊंनी मधली फळी फोडली तेव्हा वजीर शाहवलीखान पळणाऱ्या आपल्या लोकांना ओरडून सांगत होता, आपला मुलुख लांब आहे, पळून जाल कुठे? काशिराजाने हे जवळून ऐकलेलं. हे वाक्य मी आधी दहादा वाचलं असेल. वजिराची शर्थ म्हणून वाचलं होतं. ते दिशेबद्दल आहे, हे कासवांनी दाखवलं.

हे सगळं अण्णांना दाखवलं तो दिवस बुधवार होता. चौदा जानेवारी १७६१लाही बुधवारच होता, हे त्यांनीच सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं. बैलांचा हिशेब दोनदा वाचला.

"दीड लाख तोंडं धरलीस?"

"हो."

"पटावर पंचेचाळीस हजारच आहेत. बाकीचे कुठायत?"

बाकीचे म्हणजे बुणगे. यात्रेकरू, बायका, पोरं, बाजारकरी, मोतद्दार. पोटात मोजले होते, पटावर ठेवलेच नव्हते. लढत नाहीत म्हणून.

राखाडी रंगाची २१०० कासवं घातली. भगव्या-पिवळ्यांच्या दुपटीहून जास्त. गोलाच्या लढाईचा बेत होता तसा: मधोमध हे, भोवती फौज, तोफांच्या आडोशाने सरकत सरकत यमुनेकडे. राखाडी गर्दी मागे राहिली तर पुढच्यांनी थांबायचं, असा नियम. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला.

"आता अब्दालीला काढून टाक," अण्णा म्हणाले.

"म्हणजे?"

"सगळा. निळा एकही ठेवू नकोस. हे लोक नुसते नदीला लागतात का, बघू दे मला."

बाराशे निळी कासवं पुसून टाकली. समोर मोकळं मैदान, कडेला यमुनेची निळसर पट्टी. सुरू केलं. पिवळे पुढे सरकले, त्यांच्यामागे हुजुरात, भाऊंची खाशी फौज. थांबले. राखाडी गर्दी छावणीभोवतीच्या खंदकाच्या तोंडाशी एकमेकांत अडकली होती. थोडी मोकळी झाली, पुढचे चार पावलं गेले, पुन्हा थांबले. मी चहा टाकला. अण्णांनी टोपलीतले उरलेले मटार पुढे ओढले आणि पडद्यावरची नजर न हलवता सोलायला घेतले.

"किती वाजले त्यांचे?"

"पावणेदोन."

"आणि मागचे?"

मी वाकून पाहिलं. मागचे अजून खंदकातच होते.